तळ्याला वय असतं



वैशाखात आटलेल्या तळ्याच्या पोटात तुम्ही कधी उतरला आहात का? उतरला असाल, तर पायाखालची ती भेगाळलेली जमीन तुमच्या ओळखीची असेल. चिखल वाळून त्याच्या जाड खापऱ्या झालेल्या असतात. त्यांतली एक उचला आणि तिची कड नीट न्याहाळा. एकावर एक असे थर दिसतील : खाली भरड रेती, तिच्यावर बारीक पोयटा, मग पुन्हा रेती आणि पुन्हा पोयटा. पूर्वी कुळकर्ण्याच्या दप्तरात सालवार नोंदी असत, तशाच या तळ्याच्या नोंदी होत. ओढ्याला आलेला प्रत्येक मोठा पूर इथं आपली एक ओळ लिहून गेला आहे.

हे दप्तर वाचायचं कसं, आणि सातारा-सांगलीकडची तळी जन्मली कशी, वाढली कशी व म्हातारी का होत आहेत, हे आज आपण पाहू.

शाळेच्या भूगोलात एक वाक्य असतं : जगातील पुष्कळ सरोवरे हिमनद्यांनी निर्माण केली आहेत. माण-आटपाडीकडच्या मुलाला हे वाक्य वाचून नवल वाटतं. त्यानं बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. मग तो विचारतो, "गुरुजी, आपल्या तळ्यातपण बर्फच होता का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर शोधता शोधता आपल्या मुलखाची सगळी जन्मकथा हाती लागते.

आधी हिमनदीचं काम समजून घेऊ. थंड मुलखात हिवाळ्यात पडलेलं हिम उन्हाळ्यात सगळं वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. वरच्या भारानं खालचं हिम दाबलं जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो, आणि तो बर्फ स्वतःच्याच वजनानं उताराकडे सरकू लागतो. चाल अगदी संथ. पण त्याच्या तळाशी दगडधोंडे रुतलेले असतात आणि ते खालच्या खडकावर कानशीसारखे घासत जातात. हजारो वर्षं ही कानस चालली की खडकात मोठाले खळगे पडतात. बर्फानं पुढं ढकलत आणलेल्या दगडमातीचा एक आडवा बांध साचतो, त्याला हिमोढ म्हणतात. पुढं हवा तापली आणि बर्फ मागं हटला, की मागं खळगा उरतो, तोंडाशी हिमोढाचा बांध उरतो आणि वितळलेलं पाणी त्यात भरतं. झालं तळं! फिनलंडातली हजारो सरोवरं आणि उत्तर अमेरिकेतली पाच महासरोवरं शेवटच्या हिमयुगानं घडवली. तिथला बर्फ मागं हटला त्याला दहा-पंधरा हजार वर्षं झाली. आपल्या हिमालयातही अशी तळी पुष्कळ आहेत.

या तळ्यांच्या तळाशीही थरांचं दप्तर असतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून भरड, फिकट गाळ येतो. हिवाळ्यात वरचं पाणी गोठलं की बारीक, काळसर गाळ सावकाश खाली बसतो. एक फिकट आणि एक काळा मिळून एक वर्ष. स्वीडनचे भूशास्त्रज्ञ गेरार्ड द गेअर यांनी असे थर मोजून, आपल्या देशातून बर्फ कोणत्या क्रमानं मागं हटला याचा वर्षवार हिशेब मांडला. झाडाच्या कांडातली वर्तुळं मोजतो ना आपण, तसाच हा प्रकार.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. महाराष्ट्रात बर्फ होता का? होता! चंद्रपूरजवळ इरई इथं, पैनगंगेच्या काठी, एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांना गुळगुळीत घासलेला आणि सरळ ओरखडे उमटलेला जुना खडक सापडला. ते ओरखडे हिमनदीचे. पण ती गोष्ट सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीची. त्या काळी आपली ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. सातारा-सांगलीचा काळा खडक त्यामानानं फार अलीकडचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वर आला, एकावर एक थर पसरले, आणि त्यांचाच हा सह्याद्री झाला. या खडकावर हिमनदीचं पाऊल पडलेलं नाही. इथं कोरीवकाम केलं ते पावसानं आणि नद्यांनी. नदी दरी खणते, पण ती पाण्याला वाट करून देते. त्याला अडवून धरणं हा तिचा स्वभाव नाही. म्हणून आपल्याकडे निसर्गानं केलेली मोठी तळी जवळजवळ नाहीत. महाराष्ट्रातलं प्रसिद्ध नैसर्गिक सरोवर म्हणजे बुलढाण्याचं लोणार, आणि ते तर आकाशातून कोसळलेल्या अशनीनं पाडलेला खळगा.

मग आपली तळी केली कुणी? माणसानं. थंड देशांत जे काम हिमोढानं केलं, ते आपल्याकडे माणसाच्या डोक्यावरच्या पाटीनं केलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

सुरुवात डोंगरमाथ्यावरून करू. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इतकं पाणी पडतं तिथं तळ्याची गरज काय, असं कुणालाही वाटेल. पण उतार तीव्र, खडक कठीण. आषाढ-श्रावणातलं पाणी दऱ्यांतून निघून जातं आणि चैत्रात टंचाई उभी राहते. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी 1842 साली इथं बांध घालून पाणी अडवलं. तोच आज सगळ्यांना ठाऊक असलेला वेण्णा तलाव. नावेत बसून फिरणाऱ्या पाहुण्यांना तो निसर्गाचा वाटतो. पण तो एका राजानं घालून घेतलेला बांध आहे. सातारा शहराला पाणी देणारा कासचा तलावही असाच माणसानं अडवलेला.

आता तिथून पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटर या, म्हणजे म्हसवड येतं. इथं वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. खटाव, माण, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला. आज यातले काही तालुके साताऱ्यात, काही सांगलीत. पण इतिहासात यांचं नातं जुनं आहे. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. जिल्हे दोन झाले तरी दुष्काळ एकच राहिला.

या पट्ट्यातली तळी दुष्काळानं बांधून घेतली, असं म्हटलं तर ते चूक होणार नाही. 1876 साली पाऊस गेला आणि 1878 पर्यंत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. सरकारनं दुष्काळी कामं काढली : रस्ते फोडणं, माती वाहणं, बांध घालणं. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं मजुरी कमी करून गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, असा दर बसवला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची! मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडे तक्रारअर्ज धाडले. अशा काळाच्या पोटातून आणि त्याच्या धसक्यानं इंग्रजी अमदानीत या भागात तलावांची कामं उभी राहिली. माण नदीवरचा राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव, ज्याला म्हसवड तलाव असंही म्हणतात, तो यांतलाच. त्याच्या भरावावर उभं राहिलात की एवढं ध्यानात असू द्या : यंत्राचा वारा नसताना, बैल आणि माणसं यांनी ही माती इथवर आणली. आणि त्यांतली पुष्कळ माणसं अर्धपोटी होती.

पुढं शंभर वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला. 1972 चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी अंगावर काढलेला आहे. पण या खेपेला एक मोठा फरक होता. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधानपरिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, हा विचार त्यांनी धरून ठेवला होता आणि 1960 च्या दशकातच तासगाव भागात त्याचा प्रयोगही झाला होता. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढं तिचा कायदा झाला. एका बाजूला उपकार म्हणून फेकलेलं एक पौंड धान्य, दुसऱ्या बाजूला हक्क म्हणून मागितलेलं काम. या शंभर वर्षांत तळ्याच्या कामावरचा माणूस मान वर करून उभा राहिला. गावोगावचे पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती यांतलं कितीतरी काम याच हातांचं आहे.

त्याही पुढचं पाऊल खानापूर तालुक्यात पडलं. येरळा नदीकाठच्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं स्वतःच बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं, आणि पाणी वाटताना भूमिहीन कुटुंबांचाही हिस्सा धरला. धरण लहानच आहे, पण तळ्याच्या इतिहासात त्याचं पान मोठं आहे.

मोठ्या धरणाची गोष्ट वेगळी. कोयनेचं काम 1950 च्या दशकात सुरू झालं आणि 1962 साली तिथली वीज वाहू लागली. 103 मीटर उंचीच्या भिंतीमागं सुमारे 50 किलोमीटर लांबीचा शिवसागर साचला. हिमनदीला जे करायला हजारो वर्षं लागतात ते माणसानं दहा वर्षांत केलं. त्याची किंमतही दिली. खोऱ्यातली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. माणसं देव डोक्यावर घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांत गेली आणि पुनर्वसनाचे त्यांचे प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत राहिले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेच्या वर माणसं दगावली. धरणात साठवलेल्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत मुरणारं पाणी यांमुळं असे भूकंप होऊ शकतात, याचं कोयना हे जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. त्याच्या अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाचीला संशोधन संस्था उभी आहे आणि कोयना भागात 3 किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासला गेला आहे.

भारानं भूमी हलते, हे बर्फाच्या मुलखातही दिसतं. स्वीडन-फिनलंडची जमीन एकेकाळी बर्फाच्या ओझ्याखाली दबली होती. ओझं उतरून हजारो वर्षं झाली तरी ती अजून वर येते आहे. काही ठिकाणी वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. धान्याचं पोतं उचलल्यावर गादी हळूहळू फुगते, तसंच.

बर्फाच्या आणि आपल्या तळ्यांचं आणखी एक नातं कोयनेतच जुळलं. 1999 साली आणि पुन्हा 2012 साली शिवसागराच्या तळाखाली बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगानं उडवला आणि तळं रिकामं न करता पाणी बोगद्यात घेतलं. ही युक्ती नॉर्वेत रुळलेली, आणि तिथली खोल तळी हिमनद्यांनी खोदलेली. बर्फाच्या तळ्यावर शिकलेली विद्या अशी सह्याद्रीत कामाला आली.

तुम्ही म्हणाल, बर्फाची तळी तरी सुखी असतील. त्यांना माणसाचा हात लागलेला नाही. तसं आता राहिलेलं नाही. हवा तापते आहे, हिमालयातल्या हिमनद्या मागं हटताहेत आणि त्यांच्या तोंडाशी पाणी वाढतं आहे. ते अडवून धरणारा बांध म्हणजे नुसता दगडमातीचा हिमोढ. ना सांडवा, ना मोरी. जून 2013 मध्ये अतिवृष्टीत केदारनाथच्या वरचं चोराबारी तळं फुटलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि खाली तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. म्हणजे निसर्गानं केलेलं तळंही आज माणसाच्या वागण्यापासून सुटलेलं नाही.

हिमालयातलं तळं असं फुटून मरतं. आपलं तळं मरतं ते गुपचूप, तळाकडून वर भरत भरत. सुरुवातीला जी वाळलेली खापरी आपण उचलली, तिच्याकडे आता पुन्हा वळू.

वळवाचा पहिला जोरदार पाऊस उघड्या रानावर पडतो. प्रत्येक थेंब मातीचा कण उडवतो. उतारावर पाणी जमा होऊन धावतं आणि माती घेऊन ओढ्याला मिळतं. ओढा तळ्याशी आला की त्याचा वेग मोडतो. जड रेती तिथंच, तळ्याच्या शेपटीला बसते. हलका पोयटा आत, भिंतीपर्यंत जातो. दर पावसाळ्याला एक थर. सांडव्याची उंची तीच, भराव तोच, पाणीही वरवर पाहता काठोकाठ. पण खालून पोट भरत आलेलं. पूर्वी पोहणाऱ्याच्या डोक्यावरून पाणी जाई तिथं आज गुरं उभी राहतात. शेपटीला बाभळी माजतात, कुणी गाळपेर करतो. मायणीच्या जुन्या तलावाच्या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते पाहून मन हरखतं. पण हा पक्षी उथळ पाण्यात, चिखलात चोच घालून पोट भरणारा. तळ्याचं उथळपण त्याला मानवतं. गावाच्या विहिरींना ते मानवत नाही.

आता सांगा, तळ्याचं वय कुठं ठरतं? भिंतीत नव्हे, तर वरच्या पाणलोटात. डोंगरावर गवत असेल, ताली धड असतील, नांगरट उताराला आडवी असेल, तर तळं शंभर वर्षं टिकेल. डोंगर बोडका, ताली फुटलेल्या आणि नांगर वरून खाली ओढलेला असेल, तर तेच तळं एका पिढीत म्हातारं होईल. वरच्या शेतकऱ्याची वाहून गेलेली माती आणि खालच्या शेतकऱ्याचं कमी झालेलं पाणी, हे एकाच खात्यातले दोन आकडे आहेत. नुकसान दोघांचं आणि इलाजही दोघांनी मिळून करायचा.

हल्ली हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. टेंभूसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी कित्येक टप्प्यांनी उचलून आटपाडीकडे आणलं आहे आणि त्या पाण्यानं तळी भरली जातात. ज्या मुलखानं पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे पाहिलं, त्याच्या दारात नदी आली. यापरता आनंद कोणता! पण वीज जाळून चढवलेलं पाणी जर अर्ध्या गाळानं भरलेल्या तळ्यात सोडलं, तर त्याचं काय होईल? ते उथळ पसरेल आणि उन्हानं उडून जाईल.

गाळ काढणं हे जुनंच शहाणपण आहे. 2017 साली महाराष्ट्र सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणून त्याला हात दिला. गाळ जरूर काढा. मात्र तीन गोष्टी संभाळा. भरावाच्या पायथ्याशी खणू नका, भिंत कमकुवत होते. गाळ संपून मूळचा तळ लागला की थांबा, नाहीतर पाणी धरणारा थरच फुटेल. आणि गाळ मुरमाड, हलक्या रानात टाका. आधीच चिकण असलेल्या काळ्या रानात तो टाकून लाभ नाही. या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वरच्या ताली दुरुस्त केल्याशिवाय खालचा गाळ काढणं हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे.

शिक्षक मित्रांना एक काम सुचवतो. पहिल्या पुराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून वर्गात ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी किती बोटं माती बसली ती मुलांना मोजू द्या. तीच बाटली झाडीच्या ओढ्यातून आणि उघड्या रानातल्या ओढ्यातून, अशी दोन ठिकाणांहून भरा. फरक मुलं स्वतःच सांगतील. मग वैशाखात त्यांना तळ्यावर न्या. सोबत गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना घ्या आणि त्यांच्या लहानपणी पाणी कुठवर खोल होतं ते विचारा. तिथं एक खुणेचा दगड रोवा, गाळाची पातळी त्यावर आखा आणि आकडा तारखेसह शाळेच्या वहीत लिहून ठेवा. दरसाल एक ओळ वाढवा. दहा वर्षांनी ती वही ग्रामसभेत वाचली, तर कुणाला वाद घालायला जागा उरणार नाही.

आणि त्या मुलानं पुन्हा विचारलं, की आपल्या तळ्यात बर्फ होता का, तर त्याला सांगा : नाही बाळा. हे तळं तुझ्या पणजोबांच्या काळच्या माणसांनी दुष्काळात माती वाहून बांधलं. आता ते किती वर्षं जगायचं, हे वरच्या रानात तू काय करतोस त्यावर आहे.